नभोवाणीवरचा विचारणारा

मराठी समीक्षेने कथा-कादंबरीची मोजदाद पुष्कळ केली, नाटकाची केली, आत्मचरित्राचीही केली. नभोवाणीवरील मुलाखत मात्र तिच्या अंगणात कधी आलीच नाही. ऐकली आणि हवेत विरली, तिची कसली समीक्षा, असा एक समज यामागे असावा. परंतु कीर्तनही हवेत विरते, आणि कीर्तनकाराच्या पूर्वरंगात काय होते नि उत्तररंगात काय नव्हते याची चर्चा गावच्या पारावर आठ-आठ दिवस चालते. तेव्हा विरून जाण्याची सबब फारशी खरी नव्हे. खरी गोष्ट अशी की, मुलाखत हा आपण प्रकारच मानला नाही. दोन माणसे बोलतात, एक विचारतो, दुसरा सांगतो, यात कला ती कसली?

मी ज्या गावी बसून नभोवाणी ऐकत आलो त्या गावाची हकीकत आधी थोडी सांगितली पाहिजे, कारण ऐकणारा कोठे बसला आहे यावर त्याला काय ऐकू येते हे पुष्कळसे अवलंबून असते. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे. 1982 पूर्वी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात. गाव जागचे हलले नाही, त्याच्यावरची राज्ये हलली. नभोवाणीच्या बाबतीतही तसेच झाले. निजामाच्या अमदानीत आमच्यासाठी होता तो ‘दक्कन रेडिओ’. मुख्य केंद्र हैदराबादला, भाषा प्रामुख्याने उर्दू, आणि मराठीसाठी औरंगाबादला एक धाकटे केंद्र. 17 सप्टेंबर 1948 रोजी शस्त्रे खाली ठेवल्याची घोषणा निजामाने केली ती याच रेडिओवरून. 1950 साली ही केंद्रे भारत सरकारकडे आली.

पुढे 1960 नंतरच्या दशकात, आमच्या लहानपणी, दिवसा हैदराबाद लागे आणि मुंबई-पुणे खरखरत असे. रात्र चढली की मुंबई स्वच्छ होत जाई. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत चालतात आणि थकतात. रात्री वरच्या वातावरणाच्या थरावर आपटून दूरवर येतात, हे शास्त्र मला फार उशिरा कळले. त्या वेळी एवढेच वाटे की, मुंबईची माणसे रात्रीच बोलतात. ती कोणाशी बोलतात हा प्रश्न मात्र तेव्हाही पडत असे. परभणीचे केंद्र झाल्यावर आवाज जवळ आला. उस्मानाबादचे, नांदेडचे त्यानंतरचे. जवळ येणे आणि आपले होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

‘मुलाखत’ हा शब्द आपण अरबी-फारसीकडून घेतला. आमच्याकडचे जुने मुसलमान गृहस्थ अजून ‘मुलाकात’ म्हणतात ती साधी भेट. तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाणे हीही मुलाकात. आपल्या बखरींतही दोन सरदारांची मुलाखत होते, तेव्हा तिथे कोणी कोणाला ‘आपण तलवारीकडे कसे वळलात?’ असे विचारीत नाही. दोघेही काही पणाला लावून आलेले असतात. नभोवाणीवर या शब्दातली भेट गेली आणि विचारपूस उरली.

याला कारणेही तशीच होती. आरंभीच्या काळात नभोवाणीवर बोलणे म्हणजे लिहून आणलेले वाचणे. भाषण आधी पाठवायचे, ते कोणीतरी नजरेखालून घालायचे, मग ध्वनिक्षेपकासमोर बसून ते जणू सुचत आहे अशा थाटात वाचायचे. मुलाखतही तशीच लिहिलेली असे. प्रश्न लिहिलेले, उत्तरे लिहिलेली, ‘हो का?’ हे आश्चर्यसुद्धा लिहिलेले. टेपयंत्र आल्यावर ही सक्ती सैल झाली, पण सवय गेली नाही. कागद समोरून गेला, तरी विचारणाऱ्याच्या मनात तो राहिलाच. त्यामुळे पाहुण्याने एखादे उत्तर असे दिले, की ज्याच्या शेपटाला दुसरा प्रश्न आपोआप लोंबत आहे, तरी विचारणारा ते शेपूट सोडून कागदावरच्या पुढच्या प्रश्नाकडे जातो. पाहुणा म्हणतो, “त्या वर्षी मी लिहिलेले सगळे जाळून टाकले.” विचारणारा म्हणतो, “छान! आता आपल्या बालपणाविषयी थोडे सांगा.” वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. ज्यांनी नेमाने ऐकले आहे त्यांना वाटणार नाही.

आश्चर्य याचे की, हे अशा संस्थेत घडले जिथे मराठीतले नामांकित लेखक नोकरीस होते. बा. सी. मर्ढेकर नभोवाणीत अधिकारी होते आणि त्यांनी नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या. पु. ल. देशपांडे 1955 च्या सुमारास आकाशवाणीत गेले. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात दीर्घकाळ होते. मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते, चिं. त्र्यं. खानोलकरही काही काळ तिथे होते. इतकी मातब्बर माणसे एका खात्यात जमलेली मराठीच्या इतिहासात दुसरीकडे सापडणार नाहीत. त्यांनी नभोवाणीला श्रुतिका दिल्या, संगीतिका दिल्या, गाणी दिली. पुणे केंद्राने 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर ‘गीतरामायण’ ऐकविले. ग. दि. माडगूळकरांची 56 गीते, सुधीर फडक्यांचे संगीत, आणि आठवड्याच्या आठवड्याला वाट पाहणारी घरे. तेव्हा नभोवाणीला काय साधत नव्हते असे नाही. जे लिहून, बसवून, गाऊन दाखविता येते ते तिला उत्तम साधले. जे आधी लिहिता येत नाही ते साधले नाही. आणि मुलाखत तर आधी लिहिली की मरतेच. पु. ल. दूरचित्रवाणीकडे गेले आणि नेहरूंची तिथली पहिली मुलाखत घेतल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पण मराठी मनात पु. ल. उरले ते बोलणारे म्हणून. विचारणारे पु. ल. आपल्याला फारसे ठाऊक नाहीत. ज्या माणसाला दुसऱ्याच्या बोलण्यातली लकब एका ऐकण्यात उचलता येत होती त्याने वर्षानुवर्षे आठवड्याला एक माणूस बोलता केला असता तर काय झाले असते, हा विचार मला अधूनमधून छळतो.

कलावंतांच्या मुलाखतींत त्यातल्या त्यात गायक-वादकांच्या मुलाखती बऱ्या होत, याचे कारण विचारणाऱ्याचे कौशल्य नव्हे. गवई उत्तर देताना गातो. एखादी जागा आपल्या गुरूंकडे कशी होती आणि आपल्याकडे कशी आली हे तो शब्दांत सांगू लागतो, अडखळतो, आणि मग सरळ ती जागा घेतो. तिथे विचारणारा कितीही सामान्य असला तरी नभोवाणीचे काम होऊन जाते. चित्रकाराच्या मुलाखतीत हेच उलटे होते. जे दिसत नाही त्याविषयी दोघे जण ‘रंगसंगती’, ‘अवकाश’ असे बोलत राहतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीही उभे राहत नाही. अशा वेळी विचारणाऱ्याने ‘हा निळा कसला, आभाळाचा की शाईचा?’ एवढे विचारले तरी पुरे. पण असा प्रश्न पोरकट ठरेल ही भीती.

पुस्तकांच्या मुलाखतींविषयी मात्र मला थोडे कठोर बोलले पाहिजे. अमेरिकेतल्या शिकागो शहरात स्टड्स टर्केल नावाचा एक गृहस्थ एका स्थानिक नभोवाणी केंद्रावर 45 वर्षे रोज मुलाखती घेत असे. लेखक येत, गवई येत, नट येत, राजकारणी येत. त्याची ख्याती ही की, समोरच्याचे पुस्तक तो खरोखर वाचून येई. पुस्तकात खुणा केलेल्या, ओळी अधोरेखित केलेल्या, आणि मग संभाषणाच्या मध्येच लेखकाचेच एखादे वाक्य तो लेखकाला वाचून दाखवी. हा माणूस आधी दूरचित्रवाणीवर होता. मॅकार्थीच्या काळातल्या संशयाच्या लाटेत त्याचे तिथले काम गेले आणि तो नभोवाणीवर स्थिरावला. पुढे त्याने हेच यंत्र घेऊन सामान्य माणसांच्या मुलाखती घेतल्या. ‘वर्किंग’ हे त्याचे 1974 चे पुस्तक निव्वळ कामकरी माणसांनी आपल्या कामाविषयी सांगितलेल्या गोष्टींचे आहे. त्याचे पाच हजारांहून अधिक कार्यक्रम जपून ठेवलेले आहेत आणि आज निलंग्यात बसूनही त्यांतले पुष्कळसे ऐकता येतात. आमच्या परभणीचे, औरंगाबादचे जुने कार्यक्रम निलंग्यात बसून असे ऐकता येत नाहीत.

वाचून येणे ही गोष्ट एवढी साधी आहे की, तिचे कौतुक करावे लागणे हीच नामुष्की. आपल्याकडे लेखकाला ठरलेले प्रश्न येतात: लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली, आवडते लेखक कोण, नवोदितांना काय सांगाल. हे तीन प्रश्न पुस्तक न वाचता विचारता येतात. किंबहुना ते त्यासाठीच निघाले आहेत. ‘तुमच्या अमुक कथेत तो माणूस घरी परत का येत नाही?’ हा प्रश्न वाचल्याशिवाय सुचत नाही. अशा प्रश्नावर लेखक चमकतो, गप्प होतो, आणि ते गप्प होणे ऐकणाऱ्याला ऐकू येते. नभोवाणीवरील मौनासारखे बोलके दुसरे काही नाही. पण आपल्या केंद्रांवर मौन म्हणजे यंत्र बिघडले अशी समजूत, म्हणून दोन सेकंदांच्या आत कोणीतरी ‘अगदी खरंय’ म्हणून ते बुजवून टाकतो.

‘ललित’ मासिक 1964 साली निघाले, पुढे व्यासपीठांवर मुलाखती रंगू लागल्या, आणि मराठी लेखकाला बोलते करण्याची खरी सोय छापील पानावर आणि मांडवात झाली. मांडवातल्या मुलाखतीला टाळी लागते. टाळीसाठी किस्सा लागतो. त्यामुळे तिथला लेखक किस्सेबाज झाला. नभोवाणीला टाळीची गरज नव्हती. ऐकणारा एकटा असतो, स्वयंपाकघरात किंवा खाटेवर. त्याच्याशी हळू बोलता येते. ही सवलत मांडवाला कधीच नव्हती, आणि जिला होती तिने ती वापरली नाही.

आता राजकारण. नभोवाणीवरच्या राजकीय मुलाखतीविषयी लिहावयाचे तर जवळजवळ नसलेल्या वस्तूविषयी लिहावे लागते. 1968 च्या सुमारास आकाशवाणीसाठी नऊ कलमांची एक संहिता झाली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, कोणत्याही पक्षावर नाव घेऊन हल्ला नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर विरोधी भावनेने टीका नको, अशी ती कलमे. यांतले प्रत्येक कलम सुटे घेतले तर भल्या माणसाला मान्य व्हावे असे आहे. एकत्र घेतली की मंत्र्याला विचारण्याजोगे एवढेच उरते: योजनेचा लाभ किती जणांना झाला? चंदा समितीने 1966 मध्येच स्वायत्त महामंडळाची शिफारस केली होती. आणीबाणीने नभोवाणी सरकारची बटीक कशी होऊ शकते हे सर्वांना दाखविले. मग व्हर्गीस समिती झाली, 1990 मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि 1997 मध्ये तो अमलात आला. कायदा आला तरी वृत्ती तीच राहिली. खाजगी वाहिन्यांना तर आपल्या बातम्या देण्याचीच मुभा मिळाली नाही. त्यामुळे त्या गाण्यांत आणि विनोदांत रमल्या, आणि त्यांना बोल लावण्यातही अर्थ नाही.

आमच्या गावाने राज्याला एक मुख्यमंत्री दिला. शिवाजीराव पाटील निलंगेकर 1985-86 मध्ये त्या पदावर होते आणि 2020 मध्ये वारले. निजामाच्या राजवटीत जन्मलेला, तीन राज्यांच्या सीमा अंगावरून गेलेल्या मुलखातला हा माणूस. त्यांचे कर्तृत्व आणि त्यांचे वाद यांविषयी मते निरनिराळी आहेत आणि तो माझा विषय नाही. पण अशा माणसाला कोणीतरी तीन तास समोर बसवून, घाई न करता, बीदर जिल्ह्यातल्या तालुक्यापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंतची वाट पायरी-पायरीने विचारली असती तर मराठवाड्याच्या इतिहासाचे एक साधन झाले असते. नभोवाणीहून योग्य जागा त्याला दुसरी नव्हती. वर्तमानपत्राला मथळा हवा असतो, दूरचित्रवाणीला चेहरा. नभोवाणीला नुसता वेळ पुरतो.

एक प्रयोग येथे आठवतो, आणि तो पुण्याचा आहे म्हणून थोडा सलतोही. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांसाठी वीस कार्यक्रम केले. गावोगाव ऐकणाऱ्यांची मंडळे केली. त्यांनी कार्यक्रम ऐकावा, त्यावर बोलावे, आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावेत. पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळावीत, अशी योजना. नभोवाणीच्या एकतर्फी बोलण्यात ऐकणाऱ्याचा प्रश्न घुसविण्याचा हा आपल्याकडचा पहिला धडपडीचा यत्न, आणि जाणकारांनी त्याची पाहणी करून तो यशस्वी ठरविला. त्या वेळी निलंगा हैदराबाद राज्यात होते, तेव्हा आमचा प्रश्नच नव्हता. सात महिन्यांनी आम्ही मुंबई राज्यात आलो. पण त्या प्रयोगातली मुख्य गोष्ट, म्हणजे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याकडे सोपविणे, ती आमच्यापर्यंत आली नाही. आमच्यापर्यंत आले ते बियाण्यांचे आणि खतांचे सल्ले. ते उपयोगाचे होते, नाही असे नाही.

भाषेची गोष्ट याच्याशीच लागून आहे. आमच्याकडे माणूस माणसाला ‘काय करलालास?’ असे विचारतो. त्यात एक चालू क्रियापद आहे, आणि त्याच्या आसपास कानडी आणि उर्दू दोन्ही वावरतात. औराद शहाजानीकडे गेलात तर एका वाक्यात तिन्ही सापडतील. हाच माणूस ध्वनिक्षेपकासमोर बसला की ‘मी शेती करीत असतो’ म्हणू लागतो. त्याला कोणी दटावलेले नसते. विचारणाऱ्याची भाषाच त्याला दटावते. समोरचा ‘आपला परिचय श्रोत्यांना करून द्याल का?’ असे म्हणाला की उत्तरही धोतर झटकून उभे राहते. मग त्या उत्तरात शेती उरत नाही. माझे असे म्हणणे नाही की विचारणाऱ्याने मुद्दाम गावंढळ बोलावे. ते तर याहून वाईट, आणि त्याचीही उदाहरणे पुष्कळ आहेत. ग्रामीण कार्यक्रमांतली ती ‘काय म्हंता पाटील?’ छापाची सार्वत्रिक खेडवळ भाषा कोणत्याच खेड्यात बोलली जात नाही. म्हणणे एवढेच की, विचारणाऱ्याने आपली भाषा आपल्याजवळ ठेवावी, पण दुसऱ्याची ऐकण्याइतका कान ठेवावा. त्याने एक शब्द उचलून ‘हे म्हणजे काय हो?’ एवढे विचारले की समोरचा सावरून बसतो आणि आपल्या शब्दाचा मालक होतो.

1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या निलंगा तालुक्यासह औसा-उमरग्याच्या गावांत त्याने जे केले ते सांगण्याची गरज नाही. त्यानंतरच्या दिवसांत यंत्रे घेऊन पुष्कळ लोक आले आणि एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता: आता कसे वाटते? ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईला हा प्रश्न विचारणे क्रौर्य आहे हे विचारणाऱ्याला कळत नसेल असे नाही; त्याच्याजवळ दुसरा प्रश्न नव्हता. दुसरा प्रश्न एका गवंड्याला विचारता आला असता. भिंत किती रुंद घालत होता? दगडात चुना होता की नुसती माती? माळवदावर दर साली किती माती पडे? मातीत रचलेल्या त्या रुंद दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी माणसे गाडली, हे तज्ज्ञांनी पुढे अहवालांत सांगितले. गवंड्याने ते आपल्या तोंडाने सांगितले असते तर त्यात त्याचे दुःखही आपोआप आले असते. कामाविषयी विचारले की माणूस मनाविषयी बोलतो, हे टर्केलला कळले होते.

आता ज्या एका मुलाखतीमुळे मी हे सगळे लिहावयास बसलो तिच्याविषयी. आमच्या गावात एक निवृत्त शिक्षक होते. 1947-48 मध्ये ते तेरा-चौदा वर्षांचे असतील. त्या वयात त्यांनी सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या शिबिरांकडे चिठ्ठ्या पोचविल्या होत्या. त्यांना कोणते पदक नव्हते आणि ते त्यांनी मागितलेही नव्हते. एका वर्षी मुक्तिदिनाच्या निमित्ताने एका केंद्राने त्यांना बोलाविले. मी बरोबर गेलो होतो. गुरुजींनी धुतलेले धोतर नेसले होते आणि वाटेत ते मला सांगत होते, की रात्री चालताना कुत्री भुंकू नयेत म्हणून काय करावे लागे. आत गेल्यावर त्यांना विचारले गेले: त्या काळचे वातावरण कसे होते? गुरुजी म्हणाले, फार भारलेले होते. मग विचारले गेले: आजच्या तरुण पिढीला काय संदेश द्याल? गुरुजींनी शिस्त आणि देशभक्ती यांवर चार वाक्ये सांगितली. ती वर्गात ते चाळीस वर्षे सांगत आले होते. दहा मिनिटे संपली. विचारणारा तरुण होता, नम्र होता, आणि त्याला त्या दिवशी आणखी दोन कार्यक्रम करावयाचे होते. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. बाहेर आल्यावर गुरुजी चहा पिताना पुन्हा कुत्र्यांवर आले.

ते वारल्यानंतर मी ती दहा मिनिटे तरी मिळावीत म्हणून पत्र लिहिले. टेप पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती, असे समजले. कदाचित त्यावर कोणाचे तरी गाणे असेल, किंवा दुसऱ्या एखाद्या मुक्तिदिनाचा दुसरा एखादा संदेश. जे पुसले गेले त्यात फार काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. मीही त्यांच्या शेजारी वीस वर्षे राहिलो आणि मीही नीट विचारले नाही. कोणत्या वाटेने जात होतात? चिठ्ठी कोठे ठेवीत होतात? पकडले गेलात तर काय सांगायचे ठरले होते? आणि ज्या घरी रात्रीचे उतरत होतात, भाकरी खात होतात, त्या घराचे नाव इतक्या वर्षांनीही तुम्ही कोणाला का सांगत नाही?